बंद पडली तर हात लावू नका

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. बाबा जमिनीच्या लढ्यातल्या एका संघटनेचं काम करायचे. मोर्चा ठरला की पिवळ्या-गुलाबी कागदांचे गठ्ठे आमच्या ओटीवर येऊन पडत आणि घड्या घालायचं काम माझ्याकडे येई. "घड्या घाल, वाचत बसू नको," बाबा सांगत. मी वाचत बसे. शाळेच्या पुस्तकातलं मराठी मला परक्याच्या घरी जेवायला बसल्यासारखं वाटायचं. घरची बोली वेगळी, गुरुजींची वेगळी. पत्रकातलं मराठी मात्र सरळ अंगावर यायचं. जमीन कोणाची? जंगल कोणाचं? उत्तर द्या! ती सवय इतकी भिनली की पुढे मी जे जे लिहिलं, अगदी कॉम्प्युटरचा प्रोग्रामसुद्धा, ते कोणाला तरी जाब विचारल्यासारखंच लिहिलं.

गेल्या वर्षी मी स्वतः एक पत्रक लिहिलं. मथळा होता, 'किल्ली आपल्याकडे'. ते पंपाबद्दल होतं.

आमचा पाडा दाभोशाच्या धबधब्याच्या अलीकडे, उतारावर आहे. नदी खाली खोल दरीत. फाल्गुन लागला की वरची विहीर तळाला जाते आणि बायका हंडे घेऊन दरी उतरतात. मग एका योजनेतून सौरपंप आला. नदीकाठच्या झऱ्यातून पाणी वर टाकीत चढू लागलं. पंप कधी चालू करायचा, कधी थांबवायचा हे ठरवणारी एक पेटी ठेकेदाराने बसवली होती, सील केलेली. ती बंद पडली की ठेकेदाराचा माणूस यायचा, म्हणजे त्याला वाटलं तर यायचा. एका उन्हाळ्यात तो आलाच नाही. तेव्हा पाण्याचं काम बघणारा बायकांचा गट आहे, त्याची अध्यक्ष, म्हणजे माझी काकी, मला म्हणाली, "जव्हारला पोरांना कॉम्प्युटर शिकवतेस ना गे? मग आपल्या पेटीला कोण शिकवणार?"

मी जव्हारच्या एका क्लासमध्ये शिकवते. मला जोर चढला. आम्ही ठेकेदाराची पेटी काढली आणि तळहाताएवढा एक साधा कॉम्प्युटर बसवला. त्यावरचा प्रोग्राम कोणालाही उघडून वाचता येईल, बदलता येईल असा. मी तो आमच्या पंपापुरता बदलून घेतला. पंपघराची किल्ली गटाकडे आली. रोज एका घराची पाळी, त्या घरच्या बाईने सकाळी पंपघर उघडायचं. पत्रकात मी लिहिलं होतं: 'जे उघडता येत नाही ते आपलं नाही.' मला ते वाक्य फार आवडलं होतं.

यंदा फाल्गुनात पेटी अडकायला लागली.

दिसायला सगळं ठीक. दिवा जळतोय, ऊन कडक आहे, पंप मात्र सुरू होत नाही. पाळीवाली बाई बटण बंद करून पुन्हा चालू करायची आणि पंप सुरू व्हायचा. दोन-चार दिवसांनी पुन्हा तेच. मग जवळजवळ रोज. बायका अर्धा दिवस नळाखाली हंडे लावून बसू लागल्या. शेजारची वहिनी, जिच्या जिभेला पाड्यातला कोणीही चुकलेला नाही, मी दिसले की मोठ्याने म्हणायची, "किल्ली आपल्याकडं हाय गे बाय! पाणी कुणाकडं हाय?"

आणि नेमका तेव्हाच ठेकेदाराचा माणूस उगवला. महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेत त्याला करार हवा होता. नवी पेटी तो बसवणार, पंपघराची किल्ली त्याच्याकडे जाणार, गटाचं काम संपणार. अडकणाऱ्या पेटीपुढे सभा दुसरं काय करणार होती? एकदा किल्ली गेली की ती परत येत नाही, हे मी लहानपणापासून वाचत आले होते.

अडकलेला प्रोग्राम नेमका कुठे थांबलाय ते पाहायचं तर डीबगर लागतो. प्रोग्रामच्या आत डोकावून, तो कुठल्या ओळीवर बसून राहिलाय हे सांगणारं हे साधन. मोठे, नावाजलेले डीबगर आमच्या पेटीत मावत नव्हते. एक छोटासा होता, जगभरच्या हौशी माणसांनी मिळून लिहिलेला, फुकट, उघडा. तो मावला असता. अडचण एकच होती. तो ज्या मशीनवर चालवायचा त्याच मशीनवर बांधायचा, असं गृहीत धरून त्याची बांधणीची, म्हणजे लिहिलेल्या ओळींतून चालणारा प्रोग्राम तयार करण्याची, स्क्रिप्ट लिहिलेली. पेटीत मेमरी इतकी तुटपुंजी की तिथे बांधायला घेतलं की पेटीच मान टाकायची. म्हणजे बांधणी लॅपटॉपवर करायची आणि तयार झालेलं पेटीत नेऊन चालवायचं. याला क्रॉस-कंपायलेशन म्हणतात, आणि त्या स्क्रिप्टला ते येत नव्हतं.

"एवढं कय लागतं त्याला?" काकीने एकदा नागलीची भाकरी थापता थापता विचारलं.

मी म्हटलं, "राबात रोप वाढवतो आणि उपटून त्याची आवण दुसऱ्या शेतात करतो, तसं."

"मग? दरसाल करतो की आपण."

"या स्क्रिप्टला वाटतं की राब आणि शेत एकच. ती राबाची माती बघते आणि शेताचं ठरवते."

काकी हसली. "म्हणजे कृषीवाल्या साहेबासारखी."

तेव्हा मीही हसले. पण नेमकं तेच पुढे माझ्यावर उलटणार होतं.

क्लास सुटल्यावर रिकाम्या वर्गात बसून मी स्क्रिप्ट वाचायला घेतली. बांधणीच्या सुरुवातीला ती एक छोटा प्रोग्राम तयार करून तिथल्या तिथे चालवायची. या मशीनमधला मेमरीचा पत्ता किती रुंद, म्हणजे किती बाइटचा असतो, एवढंच त्याला विचारायचं. मिळालेलं उत्तर ती एका फाइलीत लिहून ठेवायची आणि बाकीचा सगळा डीबगर त्या मापावर शिवायची. मी पेटीसाठीचा कंपायलर, म्हणजे ही बांधणी करणारं साधन, जोडला तर तो छोटा प्रोग्राम लॅपटॉपवर चालेचना. साहजिक होतं, तो पेटीच्या जातीचा. बांधणी तिथेच अडून बसली. मला घाई होती. मी तेवढा एक तुकडा लॅपटॉपच्या कंपायलरने करून घेतला. बांधणी सुरळीत पुढे गेली, डीबगर तयार झाला, पेटीत चालूही लागला. मी रिकाम्या वर्गात एकटीच टाळी वाजवली.

आता पेटी अडकलेली असताना पकडायची होती. बटण बंद-चालू केलं की सगळं पुसलं जातं. म्हणून मी पंपघराच्या दारावर खडूने लिहिलं: 'बंद पडली तर हात लावू नका. मला फोन करा.'

हे लिहिणं सोपं होतं. त्याचा अर्थ असा होता की मी जव्हारहून येईपर्यंत पाड्याला पाणी नाही. हंडे रिकामे, गुरं हंबरतायत, आणि समोर बटण आहे, दाबलं तर पाणी येईल, पण दाबायचं नाही. का? तर मला बघायचंय. पत्रकात आम्ही साहेबांना विचारायचो, लोकांनी तुमच्यासाठी किती वेळ थांबायचं? तो प्रश्न खडूच्या त्या ओळीवरून माझ्याकडे बघत होता.

पहिल्यांदा पेटी अडकली तेव्हा मी धावत गेले, डीबगर लावला, आणि त्याने ठणकावून सांगितलं की प्रोग्राम पंपाच्या रिलेला हुकूम देताना अडकलाय. रिले म्हणजे पंपाला वीज जोडणारा आतला खटका. मी बाहेर येऊन बायकांना तितकंच ठणकावून सांगितलं, "सापडलं! खटका खराब आहे." मोखाड्याला जाऊन नवा रिले आणला आणि बसवला. वहिनीसुद्धा म्हणाली, "शिकली पोर कामाची हाय."

दुसऱ्याच दिवशी पेटी पुन्हा अडकली.

त्या दिवशी वहिनीने टोमणा मारला नाही. हंडा उचलला आणि न बोलता दरी उतरायला लागली. तिच्यामागून बाकीच्याही उतरल्या. मला टोमणा चालला असता.

मग मी डीबगरने दिलेले आकडे नीट पाहिले. पत्ते वेडेवाकडे, दुप्पट रुंद. आमच्या पेटीत एवढा रुंद पत्ता असूच शकत नाही. माझ्या लॅपटॉपमध्ये असतो. घाईत मी जो तुकडा लॅपटॉपकडून करून घेतला होता त्याने लॅपटॉपचं माप घेऊन पेटीचा डीबगर शिवला होता. त्यामुळे डीबगर दोन वेगळे पत्ते जोडून एक वाचत होता, आणि त्यातून जे निघेल ते ठामपणे सांगत होता. तो बंद पडला असता तर बरं झालं असतं. तो चालत होता आणि खोटं बोलत होता, आणि तेच खोटं मी बायकांना खरं म्हणून सांगितलं होतं.

डीबगरची देखरेख करणारी व्यक्ती कुठल्या देशात राहते मला माहीत नाही. पुरुष की बाई तेही माहीत नाही. माझ्या मोडक्या इंग्रजीत मी सगळं लिहून पाठवलं, पंपासकट. उत्तर आलं ते कोरडं आणि नेमकं. चालवून विचारू नकोस, कारण तिथलं इथे चालणारच नाही. कंपायलरलाच विचार. पत्ता चार बाइटचा असेल तरच पूर्ण होईल असा एक तुकडा त्याला बांधायला दे. बांधला गेला तर माप कळलं, नाही तर दुसरं माप टाकून बघ. आणि दोन कंपायलर वेगळे ठेव. बांधणीत मदत करणारे तुकडे लॅपटॉपचे, पेटीत जायचं ते सगळं पेटीचं. एकाची जागा दुसऱ्याला कधी देऊ नकोस.

मी पुन्हा पहिल्यापासून बसले. या वेळी टाळी नाही वाजवली. प्रत्येक फाइल कुठल्या कंपायलरने झाली ते तपासत गेले. तयार झाला तरी माझा त्याच्यावर विश्वास बसेना. म्हणून मी मुद्दाम एक प्रोग्राम लिहिला, जो मला माहीत असलेल्या ओळीवर अडकेल. तो पेटीसारख्याच दुसऱ्या एका बोर्डावर चालवला आणि डीबगरला विचारलं, कुठे अडकलाय? बरोबर सांगितलं. ओळ बदलली, पुन्हा विचारलं. बरोबर. दहा ठिकाणी बदलून पाहिलं, मग पुन्हा पहिल्यापासून. एकदा खोटं बोललेल्या साक्षीदाराला पुन्हा उभं करायचं होतं, आणि सभा तोंडावर आली होती.

सभेच्या आदल्या दिवशी काकीचा फोन आला. ती मोबाइलला रेंज मिळणाऱ्या खडकावर उभी राहून ओरडत होती.

"बंद पडली! कुणी हात नाय लावला. पन लवकर ये गे, बाया बसून हायत नि वहिनी मला कच्ची खातेय."

जव्हारला स्टँडजवळ दाभोशाची जीप उभी होती, पण भरल्याशिवाय ती सुटत नाही. मी पुढच्या सीटवर बसून जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाकडे बघत होते. हा येईल, ही येईल. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, तुम्ही एवढं बघताय ना, माणसं घाबरून जातील." शेवटी एक आजोबा कोंबडा घेऊन चढले आणि जीप हलली. वळणावळणाला वाटत होतं, आता कोणाचा तरी धीर सुटला असेल, आता कोणीतरी बटण दाबलं असेल. आणि खरं सांगायचं तर दाबलं असतं तर मी कोणत्या तोंडाने रागावणार होते?

पंपघराच्या सावलीत बायका हंडे घेऊन बसल्या होत्या. वहिनी दारात आडवी बसली होती, पाय पसरून.

"मीच बसली दारात," ती म्हणाली. "आत गेलेल्या एकीचा हात दोनदा बटनाकडं गेला. या बारीला खोटं निघालं तं तुझं पत्रक चुलीत."

मी लॅपटॉप जोडला. आधी पत्त्याचं माप पाहिलं. चार. मग विचारलं, कुठे अडकलाय? ओळी एकेक करून उतरल्या. रिलेचं नाव कुठेच नव्हतं. प्रोग्राम झऱ्यात बुडवलेल्या सेन्सरला विचारत होता, पाणी किती आहे? आणि उत्तराची वाट बघत होता. किती वेळ वाट बघायची हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, म्हणून तो बघतच बसला होता. मी तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचली. मग सेन्सरच्या वायरीवर मीटर लावला. वीज जेमतेम होती. इतक्या कडक उन्हात?

पंपाची मोठी पॅनेल्स उंच चौकटीवर आहेत. पेटीसाठी आणि सेन्सरसाठी वेगळं एक छोटं पॅनेल आहे, पंपघराच्या मागे, कमरेएवढ्या उंचीवर. मी वायर धरून मागे गेले. त्या पॅनेलवर एक जुनं लुगडं अंथरलेलं होतं आणि त्यावर मोहाची फुलं पसरलेली. छान वाळली होती.

ते लुगडं मी ओळखलं.

काकी माझ्या मागोमाग आली होती. "माझीच हायत," ती म्हणाली. "खाली टाकली तं मुंग्या लागतात, शेळ्या खातात. हे गरम ऱ्हातं, एका दिवसात वाळतात."

"कधीपासून टाकतेस?"

"मोह पडायला लागला तशी." मग तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, पॅनेलकडे पाहिलं, आणि हळूहळू खाली बसली. "म्हंजे... मीच?"

मी लुगडं उचललं, बटण बंद करून चालू केलं, आणि पाणी चढू लागलं. बायका नळाकडे धावल्या. पॅनेल झाकलं की सेन्सर मुका होतो; बटण बंद-चालू केलं की तेवढ्या जेमतेम विजेवरही काही वेळ बोलतो, नाही तर नाही. पेटी मात्र छोट्या बॅटरीवर जागी राहते आणि मुक्याला विचारत बसते. आता सगळं कळलं होतं, आणि तीच नवी अडचण होती. उद्या ठेकेदाराचा माणूस सभेत उभा राहून म्हणणार, बघा, अध्यक्षबाईंनीच मोह वाळत घालून पाणी बंद पाडलं. यांच्या हातात किल्ली देता?

संध्याकाळी बाबांना सांगितलं. त्यांनी सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "आपली चूक आपण पत्रकात कधी छापली नाय. समोरचा तेवढंच उचलतो."

"मग काय सांगू?"

"प्रोग्राम वाट बघत बसत होता, आता बसणार नाय. खोटं कुठं हाय त्यात?"

खोटं नव्हतं. मी प्रोग्रामही दुरुस्त केला होता. उत्तर आलं नाही तर तो आता सेन्सरची वीज स्वतः बंद-चालू करतो आणि पुन्हा विचारतो. मूठभर फुलांनी गुदमरणारा प्रोग्राम तसाही वाईटच. पण 'जे उघडता येत नाही ते आपलं नाही' असं लिहिणारी मी, आणि आतून जे निघालं त्यातलं अर्धं झाकायचं? दुसरीकडे काकीचं तोंड डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

ग्रामसभेत झेंडावंदनानंतर आमचा विषय आला. ठेकेदाराचा माणूस इस्त्रीचा शर्ट घालून, करार घेऊन पुढे बसला होता. मी उभी राहिले. पेटी का अडकत होती ते सांगायला लागले. सेन्सर, उत्तर, वाट बघणं. "आणि सेन्सर गप्प व्हायचा, कारण..." मी पाणी प्यायचं नाटक केलं.

"कारण माझा मोह," मागून काकी म्हणाली. ती उभी राहिली होती, पदर खोचून. "त्या बारक्या काचंवर वाळत टाकला मी. म्हनून पाणी बंद. मला ठाऊक नव्हतं. आथा ठाऊक झालं."

सभेत हशा पिकला. ठेकेदाराच्या माणसाला आयतंच मिळालं. "बघा," तो म्हणाला, "आमच्या पेटीत असं काही होत नाही."

"कय होत नाय?" वहिनीने बसल्या जागेवरून विचारलं. "तुमची पेटी त्या उन्हाळ्यात बंद पडली होती. तवा कुणाचा मोह होता?"

"ते... ते कंपनीला विचारावं लागेल."

"विचारलं नाय अजून?"

या वेळचा हशा मोठा होता. कोणीतरी मागून ओरडलं, "दादा, कंपनी मोह वाळवायला गेली असंल!"

करारावर सही झाली नाही. पुढच्या महाराष्ट्र दिनापर्यंत किल्ली गटाकडे ठेवायची, पेटी तोवर नीट चालली नाही तर पुन्हा विचार करायचा, असं ठरलं. मला नारे द्यावेसे वाटत होते, पण पुढचा विषय सुरू झाला आणि मी खाली बसले. घरी जाताना बाबा एवढंच म्हणाले, "पुढचं पत्रक लिहिशील तवा मोहाचं पन लिही."

डीबगरच्या बांधणीत मी केलेला बदल मूळ प्रकल्पात घेतला गेला. त्या दूरच्या व्यक्तीने एकच प्रश्न विचारला होता: कोणत्या मशीनवर तपासलं? मी लिहिलं, एका पाड्याच्या पंपावर. आता कोणालाही तो डीबगर कुठल्याही पेटीसाठी बांधता येईल, आणि निदान माप चुकल्यामुळे तो खोटं बोलणार नाही. निदान मला तरी तसं वाटतं. खात्री वाटणं मी सोडून दिलंय.

फोनवर काकीचं नाव दिसलं की अजून पहिला विचार पेटीचाच येतो. परवा क्लास चालू असताना तिचा फोन आला. मी वर्गातून बाहेर पळाले.

"बंद पडली?"

"नाय गे," काकी म्हणाली. "मोह वाळलाय. पंपघराच्या पत्र्यावर टाकला होता, वरती. येशील तवा तुझा वाटा घेऊन जा."